सूडाची ठेव

मराठीत शिक्षा मिळालेला माणूस तुरुंगात जातो, हिंदीत शिक्षा मिळालेला माणूस नोकरी शोधतो. गेली वीस-बावीस वर्षे मी महाराष्ट्राबाहेर राहतो आहे, त्यामुळे ही गंमत मला वारंवार भेटते. हिंदी वर्तमानपत्रात 'शिक्षा मंत्री' वाचले की अजूनही क्षणभर हातात छडी घेतलेला मंत्री डोळ्यांपुढे येतो. या बाबतीत गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मल्याळम आपल्या बाजूला आहेत. तिथेही शिक्षा म्हणजे दंडच. बंगाली हिंदीच्या बाजूला आहे. एकाच संस्कृत शब्दाने अर्ध्या देशाला शाळेत पाठवले आणि अर्ध्या देशाला कोठडीत.

मूळ धातूत मात्र कोठडी नाही. 'शक्' म्हणजे समर्थ असणे, आणि त्याचे इच्छार्थक रूप 'शिक्ष्', म्हणजे समर्थ व्हावेसे वाटणे. त्यातून शिकणे आले, शिकवणे आले. शिकवणारा आणि बडवणारा हात पिढ्यान्पिढ्या एकच राहिल्यामुळे दोन क्रियांना एकच नाव पडले असावे, असा माझा तर्क आहे. आजही कुणाला मारहाण करून आलेला माणूस 'चांगला धडा शिकवला' असेच म्हणतो.

1 जुलै 2024 पासून आपल्याकडे 1860 सालची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. 'दंड' या शब्दाच्या जागी 'न्याय' हा शब्द बसला. काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा आली, फाशी होती तिथे राहिली. पाटी बदलल्याने जुना प्रश्न सुटला नाही, उलट जास्त ठळक झाला. दंड दिला की न्याय झाला, असे म्हणता येते का? कुणाला झाला?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली तिथल्या माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत काढली. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना ठेवायचे, शेती करू द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचे. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. स्वतंत्रपूर आजही चालू आहे. शिक्षा या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र नांदवून दाखवणारी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तरीही त्या चित्रपटाबद्दल बोलताना मला एक गोष्ट खटकत आली आहे. तो पाहून आपण सहा कैद्यांसाठी रडतो. त्या सहा जणांनी ज्यांना मारले, त्यांच्या घरी त्या संध्याकाळी कोण जेवत होते, हे आपण विचारत नाही. सुधारणेच्या कथेत गुन्हेगार नायक होतो, दंडाच्या कथेत सरकार नायक होते. ज्याचे नुकसान झाले तो माणूस दोन्ही कथांत दाराबाहेर उभा असतो. सूडाच्या कथेत मात्र तो मध्यभागी असतो, आणि सूडाची ओढ इतकी जबर असण्याचे कारण मला त्यातच दिसते.

माझे आजोळ आटपाडीपासून फार लांब नाही. माझा धाकटा मामा एका संध्याकाळी बाजाराहून सायकलने येत असताना टेम्पोच्या धडकेत गेला. टेम्पोवाला थांबला होता, खाली उतरून मामाजवळ काही वेळ बसला होता आणि मग गाडी घेऊन निघून गेला, असे लांबून पाहणाऱ्या एका मेंढपाळाने सांगितले. मामा त्यानंतरही काही वेळ जिवंत असावा, असे डॉक्टर म्हणाले. ड्रायव्हर सापडला. खटला उभा राहिला, तारखा पडत राहिल्या. मेंढपाळ मेंढरांमागे निघून गेला, तो साक्षीला आलाच नाही. सात वर्षांनी ड्रायव्हर सुटला. विम्याची भरपाई तेवढी मिळाली, तिच्यातून मामाच्या धाकटीचे लग्न झाले.

मधल्या काळात भावकीतली दोन तरुण पोरे मामीकडे आली होती. ड्रायव्हरचे गाव, घर, जाण्यायेण्याच्या वेळा, सगळी माहिती काढून आली होती. "काकी, तुम्ही फक्त हो म्हणा," एवढेच त्यांचे म्हणणे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीला आलो होतो. मामी हो म्हणेल असे मला वाटले होते. मामी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "त्येला मारलं तर मला सांगनार कोन, ह्यांनी पानी मागितलं हुतं का न्हाई?"

मामीने त्या माणसाला क्षमा केली नव्हती. त्याचे नाव निघाले की ती शेवटपर्यंत शिव्या घालत असे. पण तिला हवे असलेले एकुलते एक उत्तर त्याच्यापाशी होते. सूड घेतला तर तेच पहिल्यांदा गेले असते. आणि कोर्टाने तर सात वर्षांत तो प्रश्न त्याला विचारलाच नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नव्हता.

सूडाला मराठीत जे शब्द आहेत ते बहुतेक देण्याघेण्याचे आहेत: उट्टे काढणे, वचपा काढणे, परतफेड करणे, हिशेब चुकता करणे. म्हणजे आपल्या भाषेने सूड हा निव्वळ राग मानलेला नाही. माझे काहीतरी गेले आहे आणि ते कुणाकडे तरी येणे आहे, हा त्यातला दावा. हा दावा खोटा आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या मारल्या गेलेल्या माणसाचा कुणी हिशेबच ठेवत नाही, त्याला 'राग सोडून दे' असे सांगणे हा त्याच्यावर आणखी एक अन्याय आहे.

राज्यसंस्था उभी राहिली तेव्हा प्रत्येकाने हा दावा तिच्याकडे ठेव म्हणून दिला, असे मी समजतो. मी हात उचलणार नाही, माझ्या वतीने तू विचार, तू शोध, तू ठरव. ठेव घेणाऱ्यावर काही जबाबदाऱ्या येतात. ठेवीदार दारात आला तर त्याला हाकलता येत नाही, आणि ठेव स्वतःच्या चैनीसाठी उधळताही येत नाही. आपल्याकडे दोन्ही घडले आहे.

13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर दिवसा, अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावाने ठार मारले. त्या जमावात कस्तुरबानगर वस्तीतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. बलात्कार, खंडणी, खून अशा दहशतीत त्या वस्तीने वर्षे काढली होती, आणि तक्रार घेऊन गेलेल्या बायकांनाच पोलिसांनी परतवून लावल्याच्या हकिकती त्या वेळी बाहेर आल्या. तो जामिनावर सुटून पुन्हा वस्तीत येईल, ही भीती त्या दिवशी सर्वांच्या मनात होती. 2014 साली खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. या घटनेला मला 'न्याय' म्हणवत नाही. पण त्या बायकांना दोष देण्याआधी ठेव कुणी नाकारली होती हे विचारावे लागते. त्या ठेव परत न्यायला आल्या होत्या, आणि त्यासाठी नेमक्या न्यायालयात आल्या होत्या.

हैदराबादची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर बलात्कार करून तिला मारण्यात आले. 6 डिसेंबरला पहाटे त्या गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्या. वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 2022 साली उघड झालेल्या त्याच्या अहवालाने म्हटले, की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या होत्या आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. इथे ठेव ज्याच्याकडे होती त्यानेच ती उधळली, आणि ज्यांचे काहीही गेले नव्हते त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या चौघांनी नेमके काय केले होते, कुणी किती केले होते, हे आता कोणत्याही न्यायालयात सिद्ध होणार नाही. उत्तर द्यायला कुणी उरलेच नाही. मामीचा प्रश्न मला त्या फुलांच्या छायाचित्रापाशी आठवला होता.

सूडाची ही खोड जुनी आहे. महाभारतातल्या अश्वत्थाम्याचा राग खरा होता; त्याच्या बापाला खोटे सांगून शस्त्र खाली ठेवायला लावले आणि मारले. पण रात्री छावणीत शिरल्यावर त्याने द्रौपदीचे पाच मुलगे झोपेत मारले. ज्यांच्याकडे त्याचे येणे होते ते भलतेच होते. त्याच्या शापाची कथा आपल्या लोकांनी पुढे वाढवली: कपाळावरची जखम घेऊन तो अजून हिंडतो आणि दारोदार तेल मागतो. लहानपणी ऐकलेल्या या गोष्टीत मला शापापेक्षा तेल देणाऱ्या बाईचे नवल वाटे. तो कोण आहे हे तिला ठाऊक आहे, त्याने काय केले तेही ठाऊक आहे. तरी ती वाटीभर तेल आणते. न संपणारी शिक्षा बघणाऱ्यालाही सोसत नाही, हे त्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांना समजले होते. शिक्षेला शेवट हवा, तो बहुधा याच कारणासाठी.

मग सूड नको आणि निव्वळ दंडही पुरेसा नाही, तर न्यायाने करायचे काय? मला रामशास्त्री प्रभुण्यांकडे वळावेसे वाटते. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना तोंडावर सांगितले, की या कृत्याला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही. मग ते पुणे सोडून गेले. ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. दहा वर्षांनी रघुनाथराव कोपरगावी आजाराने वारले. व्यवहाराने पाहिले तर रामशास्त्री हरले. तरीही अडीचशे वर्षे मराठी माणूस न्याय म्हटले की त्यांचेच नाव घेतो. कोणी काय केले हे त्यांनी शोधले, आणि ज्याला ऐकवायचे त्याला सर्वांसमक्ष ऐकवले. शिक्षा झाली नाही, पण खुनाला खून म्हटले गेले.

न्यायाचे पहिले काम मी हेच मानतो. शिक्षेचे वजन, तिची मुदत, माणूस सुधारेल की नाही, हे सगळे त्यानंतरचे. जे झाले ते झाले होते, ते चूक होते, आणि ते अमक्याने केले, हे ज्याचा त्यात स्वार्थ नाही अशा कुणीतरी मोठ्याने म्हणावे लागते, आणि ज्याचे गेले त्याच्या कानावर पडावे लागते. सूडाला हे जमत नाही, कारण तो स्वतःच पक्षकार असतो. गुप्त गोळीला तर मुळीच जमत नाही.

आपल्या फौजदारी खटल्याचे नाव 'सरकार विरुद्ध अमुक' असे असते. ज्याचे माणूस गेले त्याचे नाव साक्षीदारांच्या यादीत कुठेतरी सापडते. 2009च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क दिला, हे मोठे पाऊल होते. पण ते अपील उच्च न्यायालयात गेले की तिथला निकाल इंग्रजीत येतो. आपल्या माणसाचे काय झाले याची अधिकृत हकिकत वाचायला आईला वकील लागतो, आणि वकील बहुतेक वेळा शेवटचे पान तेवढे सांगतो: सुटला, किंवा इतकी वर्षे.

या नियतकालिकाच्या वाचकांना भाषांतराचे मोल सांगायला नको. आपण कविता एका भाषेतून दुसरीत नेण्यासाठी वर्षे घालवतो. मला वाटते, निकालपत्राची दोन पानेही त्या बाईच्या भाषेत, तिला समजतील अशा शब्दांत लिहिली जावीत आणि न्यायाधीशाने ती तिच्यासमोर वाचावीत. आरोपी सुटला असेल तेव्हा तर जरूर, कारण तो का सुटला हे कळण्याचा हक्क तिला सर्वांत आधी आहे. आरोपीला काही सांगायचे असेल, तर ते सांगायला त्याला आणि ऐकायला तिला एक खोली आणि एक वेळ मिळावी. याने कुणाची शिक्षा कमी होणार नाही. ठेवीची पावती मात्र तिच्या हातात पडेल.