वर्गातले प्रेषित



आजच्या शुभवर्तमानातल्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. संत योहानाने फिलिपचे नाव दिले आहे, आंद्रियाचे दिले आहे, फिलिपने घातलेला दोनशे दिनारांचा हिशेबसुद्धा लिहून ठेवला आहे. मुलाबद्दल मात्र एवढेच कळते, की त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. आंद्रियाने त्याला पुढे केले आणि त्याच दमात, एवढ्या लोकांना हे कसे पुरणार, अशी शंकाही काढली. आम्हा मोठ्या माणसांची ही खोड जुनी आहे. मुलांजवळ काय आहे ते आम्हांला दिसते. ते पुरेल यावर मात्र आमचा विश्वास बसत नाही. येशूने त्या भाकरी हातात घेतल्या, देवाचे आभार मानले आणि वाटायला सुरुवात केली.

याच आठवड्यात, 24 जुलै रोजी, कार्डिनल जोसेफ कार्डाइन यांची पुण्यतिथी येऊन गेली. 1967 साली ते देवाघरी गेले. आपल्या धर्मग्रामात त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. पण शाळेतल्या मुलांमध्ये ख्रिस्तसभेने जे काम केले त्याचा इतिहास सांगायचा, तर या माणसापाशी थांबावेच लागते.

कार्डाइन यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1882 रोजी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सजवळ, एका कष्टकरी कुटुंबात झाला. त्या काळी गरिबाघरची मुले प्राथमिक शाळा सुटली की थेट गिरणीत जात. जोसेफला धर्मगुरू व्हायचे होते. त्याच्या आईवडिलांनी स्वतःचे कष्ट वाढवले आणि त्याला शिकू दिले. तो गुरुविद्यालयात गेला, सुट्टीत घरी परतला आणि मोठ्या उत्साहाने जुन्या वर्गमित्रांना भेटायला निघाला. ते सगळे कारखान्यात लागले होते. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. तो आता मालकांच्या, साहेबांच्या बाजूचा झाला, असे त्यांना वाटत होते. काही वर्षांपूर्वी हीच मुले त्याच्याबरोबर एका बाकावर बसून प्रार्थना म्हणत होती. शाळेचे दार बंद झाले आणि त्यांच्यासाठी चर्चचेही दार बंद झाले, आणि कुणाच्या लक्षातही आले नाही.

ही जखम कार्डाइन यांनी आयुष्यभर वागवली. 1903 साली वडील गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युशय्येपाशी त्यांनी आपले जीवन कामगारांसाठी वाहण्याचा निश्चय केला. 1906 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर काही वर्षे ते एका शाळेत शिक्षक होते, हे सहसा सांगितले जात नाही. पण त्यांच्या पुढच्या कामात हा शिक्षक सतत डोकावतो. 1912 साली ते लाकन येथील धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून गेले आणि तिथे शिवणकाम करणाऱ्या मुली, कारखान्यातली पोरे यांना जमवू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना तुरुंगातही टाकले. 1925 साली त्यांच्या चळवळीची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वर्षी पोप अकरावे पायस यांनी त्यांना भेट देऊन पाठिंबा दिला. हीच जेओसी, म्हणजे तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ. तिच्यापाठोपाठ शाळा-महाविद्यालयांतली भावंडे जन्माला आली. फ्रान्समध्ये 1929 साली जेईसी सुरू झाली, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांची चळवळ. इंग्रजी नावावरून आपण तिला वायसीएस म्हणतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शाळेतल्या मुलांना देवाच्या कामात गोळा करणे ही काही विसाव्या शतकातली कल्पना नव्हे. 1563 साली रोममध्ये येशूसंघाच्या विद्यालयात जाँ लनी नावाचे एक तरुण बेल्जियन शिक्षक शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून घेत. मुले प्रार्थना करीत आणि गोरगरिबांच्या सेवेचा विचार करीत. 1584 साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्या मंडळाला अधिकृत मान्यता दिली आणि पुढे सोडॅलिटी जगभर पसरली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आत्यांनी कॉन्व्हेंट शाळेत गळ्यात निळी फीत आणि मरियेचे पदक घातले आहे. ती याच झाडाची फांदी. त्या निळ्या फितीने आपल्या घरांतून प्रार्थना जिवंत ठेवली. तिला कमी लेखण्याचे आम्हांला कारण नाही.

मग कार्डाइन यांनी नवे काय केले? त्यांनी मुलांना प्रश्न विचारायला शिकवले. मोठ्यांनी ठरवलेला कार्यक्रम मुलांनी पार पाडायचा, ही रीत त्यांनी उलटी केली. आठ-दहा मुलांचा एक छोटा गट. गटाचा प्रमुख त्यांच्यातलाच एक. धर्मगुरू किंवा शिक्षक कोपऱ्यात बसतो आणि बहुतेक वेळ ऐकतो (आम्हां उपदेश करणाऱ्यांना हे सर्वांत कठीण!). आधी शुभवर्तमानातला एक उतारा. मग पाहा: या आठवड्यात आपल्या वर्गात काय घडले? मधल्या सुट्टीत कोण एकटा बसतो? त्याच्या डब्यात काय असते? तो एकटा का बसतो? मग पारखा: येशू या बाकांमधून फिरला असता, तर त्याला हे कसे वाटले असते? आणि मग कृती करा: सोमवारपासून आपण काय करणार, कोण करणार? पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच, की केले का? मोठमोठ्या प्रतिज्ञा नाहीत. डबा वाटून खाणे, चोरून उत्तरे पुरवण्याची रीत मोडणे, आजारी मुलाला वह्या नेऊन देणे, एवढेच. पण हे सारे मुलांनी, मुलांमध्ये आणि मुलांसाठी.

ही तीन पावले पुढे सगळ्या ख्रिस्तसभेने स्वीकारली. 1961 साली पोप तेविसावे योहान यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात त्यांचा नाव घेऊन पुरस्कार केला. 1965 साली पोप सहावे पॉल यांनी कार्डाइन यांना कार्डिनल केले. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात सांगितले, की तरुणांचे पहिले आणि थेट प्रेषित तरुणांनीच व्हायचे आहे. हे वाक्य आपल्या किती धर्मग्रामांत खरे झाले आहे, याचा हिशेब न मांडलेला बरा.

मुलांवर एवढा विश्वास टाकला की त्याची किंमतही द्यावी लागते. हुकूमशहांना हे लवकर कळते. इटलीत मुसोलिनीच्या सरकारने 1931 साली कॅथलिक युवा संघटनांवर बंदी घातली, तेव्हा पोप अकरावे पायस यांनी परिपत्रक काढून जाहीर निषेध केला. भांडण कशाचे होते? शाळेतले मूल कोणाचे, हेच. हिटलरच्या जर्मनीतही तेच घडले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना लिआँ शहरात जेईसीचा एक विद्यार्थी नेता होता, झिल्बेर ड्र्यू. आपल्या वर्गात, आपल्या शहरात काय चालले आहे ते पाहायचे आणि शुभवर्तमानाच्या प्रकाशात पारखायचे, ही त्याची सवय. पाहिले, पारखले आणि त्याने प्रतिकाराची वाट धरली. 27 जुलै 1944 रोजी जर्मनांनी त्याला भर चौकात गोळ्या घातल्या. तो 24 वर्षांचा होता. कार्डाइन यांच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी दोघे, फेर्नां तोने आणि पॉल गार्से, 1945 साली डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले.

युद्ध संपल्यावर 1946 साली या विद्यार्थी चळवळीची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. ब्राझील, पेरू, आफ्रिका, आशिया अशी ती पसरली. सगळीकडे तिचे स्वागत झाले असे नाही. ब्राझीलमध्ये 1964 च्या लष्करी सत्तांतरानंतर तिच्या कार्यकर्त्यांना अटका झाल्या. ख्रिस्तसभेतही कुरबुरी झाल्या. 1965 साली फ्रान्समध्ये जेईसीचे तरुण नेते आणि बिशप यांच्यात इतके तीव्र मतभेद झाले, की राष्ट्रीय मंडळच मोडले. मुले राजकारणात वाहवली, असे काहींचे म्हणणे. मोठे घाबरले, असे इतरांचे. आम्हांला वाटते, दोन्हींत थोडे थोडे तथ्य होते. पण मुले चुकतील या भीतीने त्यांना बाकावर गप्प बसवणे, हा त्यावरचा उपाय नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली तरुणांना उद्देशून काढलेल्या ‘क्रिस्तुस विवित’ या पत्रात, ज्या कॅथलिक शाळा मुलांना बाहेरच्या जगापासून वाचवणारे तळघर बनतात, त्यांच्याबद्दल स्पष्ट नापसंती दाखवली आहे.

आपल्या देशात ही चळवळ वायसीएस/वायएसएम अशा जोडनावाने ओळखली जाते. वायएसएम म्हणजे यंग स्टुडंट्स मूव्हमेंट. त्या दुसऱ्या नावात आपल्या देशाची खरी स्थिती आहे. आपल्या ख्रिस्ती शाळांतसुद्धा बाकावर शेजारी बसलेला मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या धर्माचा असतो. त्याला गटाबाहेर ठेवून वर्गातल्या दुःखाचा विचार कसा करणार? म्हणून एकाच वर्तुळात दोन्ही नावे.

आता आमच्याच घरची गोष्ट. ती सांगायला आम्हांला लाज वाटते. पण आजचे शुभवर्तमान वाचल्यावर ती लपवणे बरोबर होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आठवीतली चार-पाच मुले आमच्याजवळ थांबली. त्यांच्या वर्गातला एक मुलगा जूनपासून शाळेत आला नव्हता. तो ख्रिस्ती नव्हता. वडील बांधकामावर मजूर, परांचीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. मुलगा एका हॉटेलात कपबश्या विसळायला लागला होता. मुलांनी हे सारे स्वतः शोधून काढले होते: तो कुठे राहतो, किती वाजता सुटतो, खोलीचे भाडे किती थकले आहे. एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर ते व्यवस्थित लिहूनही आणले होते. त्यांचे मागणे लहान होते. संध्याकाळी सातनंतर तो मोकळा असतो; त्याला सभागृहामागच्या खोलीत बसवून वर्गात झालेला अभ्यास आम्ही सांगू, म्हणजे त्याचे वर्ष बुडणार नाही. खोलीची किल्ली मिळेल का?

आम्ही त्यांचे तोंडभर कौतुक केले. मग आमचे प्रश्न सुरू झाले. किल्ली कोणाच्या नावावर द्यायची? मुलींनी त्या वेळी थांबावे का? काही कमी-जास्त झाले तर जबाबदार कोण? मुलगा तर आपल्या धर्मग्रामाचाही नाही. विषय पॅरिश कौन्सिलसमोर ठेवला, तिथून तो पुढच्या बैठकीवर गेला. चौदा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात राबवणे हा कायद्याने गुन्हा आहे, 1098 वर एक फोन करता आला असता, हेसुद्धा आम्हां मोठ्यांपैकी कोणाला सुचले नाही. दिवाळीनंतर त्यांच्यातलाच एक मुलगा मिस्सा संपल्यावर आला आणि म्हणाला, “फादर, आता किल्ली नको. ते लोक गावाला गेले.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. ती मुले आता दहावीला आहेत. त्यांतली दोघे मिस्सेला येतात. बाकीच्यांचे रविवारी क्लास असतात, असे पालक सांगतात. आम्ही त्यांना बोलावतो, तेव्हा बहुधा युवा दिनाच्या नाचासाठी किंवा खुर्च्या मांडायला. त्यांनी पाहिले होते, पारखलेही होते. तिसरे पाऊल आमच्या खिशातल्या किल्लीवर अडले होते. बेल्जियममधल्या त्या गावात कारखान्याकडे गेलेल्या मुलांकडे कुणाचे लक्ष नव्हते. इथे तर मुलांनी आमचे लक्ष वेधले होते, आणि तरीही आम्ही आंद्रियासारखे, हे कसे पुरणार, म्हणत उभे राहिलो. आंद्रियाने निदान त्या मुलाला येशूपर्यंत नेले तरी.

गेल्या महिन्यात त्या सगळ्यांच्या घरी जाऊन आम्ही त्यांची क्षमा मागितली. काही पालकांना ते विचित्र वाटले. एका आईने चहा ठेवला आणि मुलाला आतून हाक मारली. तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने एकच विचारले: “आता कोणासाठी हवी असली, तर द्याल?”

पुढच्या रविवारपासून सकाळच्या दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहामागची खोली सातवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी उघडी राहील. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला आणले तरी चालेल, तो कोणत्याही धर्माचा असो. मोठ्यांपैकी दोघे जण, एक पुरुष आणि एक स्त्री, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सोबत असतील. बैठक मुलेच चालवतील. किल्ली कोणी ठेवायची ते पहिल्या बैठकीत मुलांनी ठरवायचे आहे. पालकांना एकच विनंती, त्या एका तासासाठी क्लासची वेळ बदलून घ्यावी.