नाव न घेता कैवार

धर्मपीठाने पीडितांचा कैवार घ्यावा, याविषयी सद्भक्तांत दुमत असणार नाही. अडचण पुढेच आहे. पीडित परदेशातले व परधर्माचे असतील, आणि बोलण्याची शिक्षा बोलणाऱ्यास न होता त्याच्या तेथील अनुयायांस होणार असेल, तर बोलावे काय? २०१७ साली रोमन कॅथॉलिक चर्चचे तत्कालीन प्रमुख पोप फ्रान्सिस यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, पश्चिमेस राखाइन प्रांत आहे. जुने लोक त्यास आराकान म्हणत. तेथील रोहिंग्या हे मुसलमान. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुतेकांस परके ठरविले. सरकारमान्य १३५ वांशिक गटांत त्यांचे नाव नाही. सरकारी भाषेत ते ‘बंगाली’, म्हणजे बाहेरून आलेले. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्यातील एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने गावेच्या गावे जाळली आणि सुमारे ७ लाख माणसे बांगलादेशात पळाली.

त्या वर्षी रोममधून पोपांनी रोहिंग्यांचे नाव घेऊन प्रार्थना केली होती. परंतु नोव्हेंबरात प्रत्यक्ष म्यानमारला जाण्याची वेळ आली, तेव्हा यांगूनचे कार्डिनल चार्ल्स बो यांनी तो शब्द तेथे उच्चारू नये असे सुचविले. त्या देशात कॅथॉलिक शेकडा एकाच्या आसपास. त्यांतले पुष्कळसे काचिन, चिन, करेन, काया अशा जमातींचे, म्हणजे त्याच लष्कराचा मार खाल्लेले. २८ नोव्हेंबरला नेपिडो येथील भाषणात पोप प्रत्येक वांशिक गटाच्या सन्मानाविषयी बोलले. ते नाव मात्र मुखातून आले नाही. जगभर टीका झाली.

आम्हांस ती टीका अर्धीच पटते. स्वतःच्या मानेवर सुरी असताना माणूस बोलला, तर ते धैर्य खरे. चार दिवसांच्या पाहुण्याने शौर्य गाजवून विमानात बसावे आणि त्याची किंमत काचिन खेड्यातल्या एखाद्या गरीब धर्मोपदेशकाने भरावी, यास काय म्हणावे? गादीवर बसणाऱ्यास हा हिशेब चुकत नाही.

उरलेली अर्धी टीका मात्र टाळता येणार नाही. एरवी नाव गाळूनही सत्य सांगता येते. येथे भांडणच नावाचे होते! ‘या नावाचे तुम्ही कोणी नाहीतच’ असे म्हणून ज्यांचे घरदार हिरावले, त्यांच्याविषयी नाव गाळून बोलणे म्हणजे छळणाऱ्याचा शब्दकोश मान्य करणे होय. नामाचे माहात्म्य आपण नित्य ऐकतो, तेव्हा ही गोष्ट आपणांस तरी उलगडून सांगावी लागू नये.

पुढे १ डिसेंबरला ढाक्यातील सर्वधर्मीय मेळाव्यात छावण्यांतून आणलेले १६ रोहिंग्या पोपांसमोर आले. एकेकाचा हात हाती घेऊन त्यांनी दुभाष्यामार्फत ऐकून घेतले. भेट होताच त्या लोकांना व्यासपीठावरून घाईने हलविण्यात येऊ लागले, तेव्हा आपणांस राग आला, असे पोपांनीच परतीच्या प्रवासात पत्रकारांना सांगितले. मग ते बोलले. छळणाऱ्यांच्या वतीने आणि जगाच्या बेपर्वाईबद्दल त्यांनी क्षमा मागितली, आणि ईश्वराच्या सान्निध्याचे आज एक नाव रोहिंग्या असेही आहे, असा उद्गार काढला. लिहून आणलेल्या भाषणात हे नव्हते.

आदल्या मौनाचे कारणही त्यांनी सांगितले. औपचारिक भाषणात तो शब्द आला असता तर समोरचे दार बंद झाले असते. खाजगी भेटीत मात्र सत्याशी तडजोड केली नाही. ती भेट सेनापती मिन आँग ह्लाइंग यांच्याशी होती. त्यांनीच १ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावली, आणि काया प्रदेशातील चर्चही तोफांच्या माऱ्यातून सुटली नाहीत. मौनाने कोणाचे रक्षण झाले, असे आता कोणी विचारील. तो युक्तिवाद आम्ही करीत नाही. नेपिडोत उभ्या असलेल्या माणसास २०२१ दिसत नव्हते.

आमचा आक्षेप श्रोत्यांविषयीचा आहे. ढाक्यात तो शब्द ज्यांनी ऐकला, ते सोळा जण आपले नाव जाणूनच होते. यांगूनच्या मैदानावर प्रार्थनेस सुमारे दीड लाख लोक जमले होते, त्यांच्यापुढे तो आला नाही. आजही बांगलादेशात दहा लाखांहून अधिक रोहिंग्या आहेत, आणि परत जाणे कधी घडलेच, तर त्यांना राहावयाचे आहे ते त्या दीड लाखांच्याच देशात.