नको म्हणायची सोय

तीन-चार वर्षांचं मूल घरात असलं की सगळा दिवस ‘नको’वर चालतो. दूध नको, आंघोळ नको, हा फ्रॉक नको, तोही नको. आईबाप वैतागतात, पण आपलं पोर आता स्वतःचं काही ठरवायला लागलंय, हेही त्यांना आतून कळत असतं. टाइप वन डायबेटिस झालेल्या मुलाच्या घरात मात्र या ‘नको’ची मोठी पंचाईत होते. सुई नको म्हणून चालत नाही. आणि सुई टोचून झाल्यावर वरणभात नको म्हणूनही चालत नाही.

यातलं दुसरं बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. झटपट काम करणारं इन्सुलिन जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं द्यायचं, तेही मूल किती पोळी, किती भात खाणार त्याचा अंदाज बांधून. मोठा माणूस ठरवलं तेवढं जेवतो. चार वर्षांची मुलगी दोन घास खाते आणि मांजर दिसलं म्हणून उठून जाते. अंगात गेलेलं इन्सुलिन तर परत काढून घेता येत नाही. मग चिऊचा घास, काऊचा घास सुरू होतो. तसा तो प्रत्येक घरात होतो. पण इथे भरवणाऱ्या आईचा एक डोळा घड्याळावर असतो आणि आवाजात भीती उतरलेली असते. मुलांना ती बरोबर ऐकू येते. हा आजार असलेल्या माझ्या भाचीला फार लवकर उमगलं की आपण तोंड घट्ट मिटलं की घरातली तीन मोठी माणसं हातातलं काम टाकून धावत येतात. पोळी नको? मग दहीभात घे. तो नको? बरं, बिस्किट तरी खा बाई. हळूहळू तिची खरी भूक केवढी हेच कुणाला कळेनासं झालं.

डॉक्टरांनी यावर तोड काढून दिली. खाण्याचा भरवसा नसेल तेव्हा डोसचा थोडा भाग आधी आणि उरलेला पानावरून उठल्यावर लगेच, किती पोटात गेलं ते बघून. कधीकधी सगळाच नंतर. त्याने साखर थोडी वर जाते, हे खरं. पण जेवणाच्या पानावर रोज तीनदा होणारं भांडण मिटत असेल, तर माझ्या मते ते परवडलं. (डोसचं गणित ज्याचं त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं, हे सांगायला नकोच.)

शंभर वर्षांपूर्वी याच आजाराच्या मुलांना डॉक्टर जेवू देत नसत. इन्सुलिन हाती यायच्या आधी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांचा उपासाचा उपचार चालायचा. रक्तातली साखर वाढू नये म्हणून मुलाला जेमतेम जीव तगेल एवढंच अन्न. एलिझाबेथ ह्यूज ही तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. अकराव्या वर्षी, १९१९ मध्ये, तिला हा आजार निघाला. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे नेलं, तेव्हा पंधरा वर्षांची व्हायला आलेल्या त्या मुलीचं वजन वीस किलोच्या आसपास होतं. इन्सुलिन सुरू झालं आणि ती पोटभर जेवायला लागली. पुढे लग्न, मुलंबाळं सगळं झालं. ती १९८१ पर्यंत जगली. त्या काळच्या आयांना मूल मागत असताना ‘नाही’ म्हणावं लागे. आजची आई वाटी घेऊन मागे धावते. माझी बहीण फारच रडकुंडीला येते तेव्हा मी तिला एलिझाबेथची गोष्ट सांगते, आणि ती म्हणते, “ते ठीक आहे गं, पण हिला आत्ता जेवायला लाव.”

एलिझाबेथने मोठेपणी आपला आजार अगदी जवळची माणसं सोडून सगळ्यांपासून लपवून ठेवला. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत हा सल्ला पहिल्याच आठवड्यात मिळतो. कुणाला बोलू नका, उद्या लग्नाला अडेल. पोरगी बालवाडीत जायची आहे अजून! दुसरी चौकशी आईकडे बोट दाखवणारी असते: दिवस असताना गोड फार खाल्लंस का? गोड खाण्याचा इथे काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या मारून टाकते, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं, दररोज आणि जन्मभर. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, ती खुशाल काढू दे. भीती असते ती इन्सुलिन बंद करून काढा द्या म्हणणाऱ्यांची, कारण तसं केलं तर काही दिवसांत मुलाच्या जिवावर बेततं.

घरात आजोबांनाही डायबेटिस आहे, पण तो टाइप टू. आपल्याला यातलं सगळं कळतं अशी त्यांची पहिले काही महिने समजूत होती. बिनसाखरेचा चहा आणि सकाळचं फिरणं हा त्यांचा उपाय. आता फ्रीजच्या दारात दोन वेगळे डबे आहेत. आजोबांची बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटची, तिच्या सिरिंजला लाल झाकण. नातीच्या पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, आणि अर्धं युनिट इकडेतिकडे झालं तरी एवढ्याशा जिवाला ते जाणवतं. एकाच्या डब्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा नियम आजोबांनीच केला.

तर पुन्हा ‘नको’. तिचा ‘नको’ कुणी ऐकत नाही, पण इतरांचे सगळे ‘नको’ तिच्यावर येऊन आदळतात. हळदीकुंकवाला गेलं की तिच्या हातावर पेढा ठेवणाऱ्या बाईला दुसरी बाई तिच्यादेखत म्हणते, “तिला नको गं देऊस.” खरं तर मोदक, पेढा सगळं मोजून आणि इन्सुलिनचा हिशेब धरून देता येतं. पण ते दारात उभ्याने समजावत कोण बसणार? मोठा भाऊ अलीकडे चॉकलेट गॅलरीत जाऊन खातो. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिचं मला सगळ्यात वाईट वाटतं. तिला नुसतं चिडताही येत नाही. साखर सत्तरच्या खाली गेली की मूल किरकिरं होतं, घामेजतं, उगाच हटून बसतं. त्यामुळे ती भावाशी भांडून फतकल मारून रडायला लागली की आधी बोट पुढे कर. टोचा, थेंब काढा, स्ट्रिपला लावा. मीटरवर ११८. म्हणजे हट्टच होता! भावाने खेळणं हिसकावलं होतं, एवढंच कारण. पण मधल्या मिनिटात तिच्या रागाची तपासणी होऊन गेलेली असते. न तपासून मात्र चालत नाही. कारण कधी आकडा ५८ निघतो, आणि मग खेळण्याचं राहू दे, साखरेचं पाणी पाजायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं.

यावर बहिणीने जे शोधलं ते मला फार पटतं. “टोचू का?” असं ती कधीच विचारत नाही. उत्तर ऐकायचं नसेल तर विचारायचं कशाला? ती विचारते, “कुठे टोचू?” मांडी, पोट, दंड या जागा आलटून पालटून घ्याव्याच लागतात, नाहीतर एकाच जागी गाठी येतात आणि तिथून इन्सुलिन नीट भिनत नाही. तेव्हा आज मांडीची पाळी असेल तर उजवी की डावी हे मुलीने सांगायचं. बोट तिने निवडायचं. मधल्या गादीपेक्षा बोटाच्या कडेला कमी दुखतं, हे तिला आता चांगलं माहीत आहे. टोचायच्या यंत्राचं बटण ती स्वतः दाबते. करंगळीला तिने सुट्टी दिली आहे. ती सुट्टी घरात सगळे पाळतात, आजोबासुद्धा. दिवसाला चार म्हटली तरी वर्षाची १४६० इंजेक्शनं होतात. तेवढ्या वेळा तिचं एक तरी म्हणणं चालतं.

राहिलं रडणं. परवा ओळखीतल्या एक काकू आल्या होत्या. इंजेक्शन देताना बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, “किती शहाणी गं बाई, रडत पण नाही!” मला हे कौतुक ऐकलं की धास्तीच वाटते, कारण मग पोराला शहाणपण टिकवत बसावं लागतं. बहीण काही बोलणार तोवर भाचीनेच उत्तर दिलं.

“मी सकाळीच रडले,” ती म्हणाली. “आता उद्या.”