चव गेल्यावरची जेवणाची प्रार्थना

आजचं वाचन: २ शमुवेल १९:३१-३९
जोडीला: यशया ४६:१-४



दावीद राजाच्या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहेत. गोफण आणि गल्याथ, योनाथानची मैत्री, नाथान संदेष्ट्याने सांगितलेली मेंढीची गोष्ट. पण गिलादचा बर्जिल्लय कोण, असं विचारलं तर चांगले चांगले अडखळतात. आजच्या वाचनात तो भेटतो. वय ८० वर्षं, सधन माणूस. पोटचा मुलगा अबशालोम उलटला आणि दावीद यरुशलेम सोडून पळाला, तेव्हा महनाइम इथे ज्या तिघांनी त्याला आणि त्याच्या लोकांना सामान पोहोचवलं, त्यांतला हा एक. १७व्या अध्यायाच्या शेवटी त्या सामानाची यादीच दिली आहे. बिछाने, भांडी, गहू, जव, पीठ, भाजलेले दाणे, मसूर, मध, दही, मेंढरं. पूर आला की मंडळीतले लोक टेम्पो भरून पाठवतात ना, अगदी तशी यादी!

पुढे अबशालोम मरतो, दावीद परत निघतो. बर्जिल्लय त्याला यार्देन नदीपार सोडायला येतो. राजा म्हणतो, चल माझ्याबरोबर यरुशलेमेला, तुझा सांभाळ मी करतो. राजवाड्यातून आलेलं आमंत्रण हे! आणि हा म्हातारा काय म्हणतो? माझे असे किती दिवस उरलेत? मी ८० वर्षांचा झालो. बरं-वाईट मला आता वेगळं कळत नाही. खाल्ल्या-प्यायल्याची चव लागत नाही. गाणाऱ्यांचा आवाज कानात शिरत नाही. मग मी राजाला ओझं कशाला होऊ?

मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात नाटक नाही. देवाच्या कृपेने एकदम फिट आहे, असं तो म्हणत नाही. रडगाणंही गात नाही. डॉक्टरांनी विचारलं तर आपण कसं एकेक सांगतो, तसं तो सांगतो. जीभ गेली, कान गेले, थोडंफार डोकंही गेलं. पवित्र शास्त्रात म्हातारपणाबद्दल असं स्पष्ट बोललेलं बऱ्याच ठिकाणी आहे. उपदेशक १२ मध्ये तर शरीराचं अख्खं घर मोडकळीला आलेलं दाखवलंय. हात थरथरतात, दात कमी होतात, डोळ्यांच्या खिडक्या अंधुक होतात. १ राजे उघडलं की पहिल्याच वचनात खुद्द दावीद म्हातारा झालेला दिसतो आणि कितीही पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येत नाही. गल्याथाला पाडलेला हात हाच.

तर प्रश्न असा आहे. ही अशी यादी हातात असताना माणसाने देवाचे आभार मानावेत, हे प्रामाणिक आहे का? की आपण ख्रिस्ती लोक सवयीने "थँक यू जीझस" म्हणतो आणि आतून दात-ओठ खातो?

आधी एका प्रकारच्या आभारांबद्दल बोलायला हवं, कारण तो आपल्यात सर्रास चालतो. आजारी माणसाला भेटायला गेलं की कोणीतरी म्हणतंच, "अहो, निदान तुम्ही चालता तरी, त्या अमक्याकडे बघा." हेतू चांगला असतो, मान्य. पण लूक १८ काढून बघा. मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानणारा परूशी नेमकं हेच करतो. मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून आभार. ज्या आभारांसाठी कोणाचं तरी आपल्याहून वाईट झालेलं असावं लागतं, ते उद्या आपली पाळी आली की संपतात. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाने मग कोणाकडे बघायचं? अंथरुणाला खिळलेल्याकडे? आणि त्याने?

दुसरा प्रकार म्हणजे "देवाने हे तुला काहीतरी शिकवायला दिलंय." देव दुःखातून शिकवतो, यात शंका नाही. पण दुसऱ्याच्या आजारात धडा कोणता, हे आपण ठरवू नये. ईयोबाच्या मित्रांनी ते केलं आणि देव त्यांच्यावर रागावला.

आता घरातलं सांगते. माझ्या बाबांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात आणि हालचाल मंदावते. पुण्याच्या आमच्या चर्चमध्ये त्यांनी अनेक वर्षं पेटी वाजवली. 'उपासना संगीता'तलं कुठलंही गीत सांगा, पाळकांनी क्रमांक पुरा म्हणायच्या आत सूर लागलेला असायचा. आता उजवा हात ऐकत नाही. अक्षर इतकं बारीक झालंय की वहीत मुंगीची रांग वाटते. आवाज खाली गेलाय. गोळी वेळेवर घेतली तर तास-दोन तास बरे जातात, मग पुन्हा अंग लाकूड. रविवारी दुसरं कोणी पेटीवर बसतं आणि बाबा तिसऱ्या बाकावर, मांडीवर हात दाबून.

पण सगळ्यात आधी गेला तो वास, हात थरथरायच्या किती तरी आधी. या आजारात असं होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आमच्याकडे सुकट भाजली तर अख्ख्या बिल्डिंगला कळतं आणि बाबांना स्वयंपाकघरात उभं राहूनही कळत नव्हतं. आम्ही हसायचो, तेही हसायचे. वास गेला की चवीचं बरंचसं जातं. हा माणूस मूळचा नगरचा, खाण्यावर प्रेम करणारा. आता शेंगोळे काय आणि कागद काय, त्यांना सारखंच.

तरी जेवणाची प्रार्थना तेच करतात. हळू आवाजात, वाक्य अर्ध्यात थांबतं, आम्ही ताटावर डोळे मिटून वाट बघतो. एकदा मी विचारलंच, "बाबा, तुम्हाला काहीच लागत नाही, मग आभार कशाचे?" मला वाटलं ते एखादं वचन सांगतील. ते म्हणाले, "अगं, अन्न देवाने दिलं. तुझ्या आईने सकाळपासून राबून केलं. माझी जीभ गेली म्हणून त्यांनी दिलेलं कमी झालं का?"

त्यावर मी बरेच दिवस विचार करतेय. आपली पिढी आभार आणि आनंद यांची गल्लत करते. मला छान वाटलं, म्हणून मी ग्रेटफुल. मोबाईलवर तशी डायरीचं ॲपसुद्धा मिळतं, रोज तीन छान गोष्टी लिहायच्या. वाईट नाही ते. पण छान वाटणं शरीरावर अवलंबून असतं. जीभ, नाक, कान, झोप, पित्त. शरीर गळायला लागलं की छान वाटणंही गळतं. आभार मात्र कोणाला तरी उद्देशून असतात. देणारा समोर असतो. देणाऱ्याने काय दिलं आणि मला त्यातलं किती चाखता आलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. पौल थेस्सलनीकाकरांना पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात प्रत्येक परिस्थितीत उपकार माना म्हणतो. प्रत्येक परिस्थितीबद्दल माना, असं तो म्हणत नाही. कंपवाताबद्दल आभार मानायला बाबांना कोणी सांगितलेलं नाही आणि ते मानतही नाहीत.

उलट, भांडतात. रात्री कूस बदलता येत नाही, हे या आजाराचं एक फार वाईट दुखणं. दोन वाजता हाक येते. मी किंवा आई उठून वळवतो. एका रात्री ते छताकडे बघत म्हणाले, "वर गेलो की मी त्याला विचारणार आहे, बोटंच का घेतलीस?" मला ती प्रार्थनाच वाटली. स्तोत्र ८८ वाचा. शेवटपर्यंत अंधार आहे, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, कारण तक्रार देवाकडेच केलेली आहे. रात्री दोनची तक्रार आणि दुपारी एकची जेवणाची प्रार्थना एकाच पत्त्यावर जातात. विश्वास म्हणजे मला तरी इतकंच कळतं की पत्ता बदलायचा नाही.

केडगावच्या पंडिता रमाबाई तुम्हाला माहीत आहेतच. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. ऐकू कमी येतं म्हणून ते शिक्षण होऊ शकलं नाही. तेव्हा त्या पंचविशीत होत्या, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या. पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम त्यांनी तडीला नेलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, बघा, देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो. मला हे वाक्य पटत नाही. बायकांना बाई डॉक्टर मिळणं दुर्मीळ होतं त्या काळात. रमाबाई डॉक्टर झाल्या असत्या तर किती जणींचा जीव वाचला असता, कोण सांगणार? गेलं ते गेलंच, त्याची किंमत भाषांतराने फिटत नाही. त्यांनी मात्र जे डोळे आणि जी भाषा उरली होती, ती शेवटपर्यंत देवासमोर ठेवली.

आता यशया ४६ कडे या, कारण बर्जिल्लयच्या एका शब्दावर माझं थोडं अडतं. "ओझं." मी राजाला ओझं कशाला होऊ? हे वाक्य आपल्या घराघरात ऐकू येतं. बाबाही म्हणतात. शर्टाची गुंडी त्यांना लावता येत नाही. आई लावते तेव्हा ते दुसरीकडे बघतात. थरथर कमी आणि ही लाज जास्त छळते त्यांना. यशया ४६ ची सुरुवात बाबेलच्या देवांपासून होते, बेल आणि नबो. त्यांच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादल्यात, जनावरं दमलीत, वाकलीत. लोकांना आपला देव उचलून न्यावा लागतोय. आणि लगेच इस्राएलचा देव म्हणतो की तुम्हाला मी उचलतो. आईच्या पोटात होता तेव्हापासून उचललंय आणि केस पिकले तरी मीच वाहून नेणार. म्हणजे देवाच्या हिशेबात आपण पहिल्या दिवसापासून ओझंच आहोत. मधली तीस-चाळीस वर्षं, धावत लोकल पकडायची, तेवढी आपल्याला विसर पडतो. योहान २१ मध्ये पुनरुत्थित प्रभू पेत्राला सांगतो की म्हातारपणी तू हात पसरशील आणि दुसरा कोणी तुझी कंबर बांधील. हे बोलणं पेत्राच्या मरणाविषयी होतं, हे योहानच सांगतो. तरी गुंडी लावताना मला ते वचन आठवतं, कारण त्यानंतर प्रभू इतकंच म्हणतो की माझ्यामागे ये. कंबर दुसऱ्याने बांधली तरी मागे चालणं थांबत नाही.

पौल शरीराला तंबू म्हणतो (२ करिंथ ५). तो स्वतः तंबू करणारा होता, प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे ते. कापड कुठे विरतं, शिवण कुठे उसवते, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. त्या तंबूत आपण कण्हतो, हेही तो मोकळेपणाने लिहितो. पण शरीर टाकून हलकं व्हायचं, एवढीच आपली आशा नाही. नवं शरीर मिळणार, अशी आशा आहे, आणि मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच. थोमाला त्याने त्याच दाखवल्या.

बर्जिल्लयने राजवाडा नाकारला, पण राजाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. म्हणाला, हा किम्हाम आहे, याला ने, याचं चांगलं कर. स्वतःला आता चाखता येणार नाही ते ताट त्याने दुसऱ्यापुढे सरकवलं. दावीदाने त्याचं चुंबन घेतलं, आशीर्वाद दिला आणि म्हातारा आपल्या गावी परतला, आईबापांच्या कबरीजवळ. दावीद मरतानाही हे विसरला नाही. बर्जिल्लयच्या मुलांना तुझ्या पंक्तीला बसव, असं त्याने शलमोनाला सांगितलं. आणि कित्येक पिढ्यांनंतर, यिर्मया ४१ मध्ये, बेथलेहेमाजवळ एका उतरण्याच्या जागेचं नाव येतं. ते किम्हामच्या नावाने आहे.

गेल्या महिन्यात बाबांनी चर्चमधल्या एका कॉलेजच्या मुलाला घरी बोलावलं. पेटी त्याच्यापुढे ठेवली. स्वतः वाजवून दाखवता येत नाही, म्हणून नुसतं गुणगुणून सांगतात, तोही आवाज पुरत नाही, मग मुलगा कान जवळ नेतो. चुकला की टेबलावर दोन बोटं आपटतात. बोटं तशीही आपटतच असतात, त्यामुळे कुठली चुकीची आणि कुठली कंपवाताची, हे त्या पोराला अजून नीट कळत नाही. दोघं हसतात.

प्रार्थना: हे प्रभू, आज रात्री ज्यांना कूस बदलता येणार नाही, त्यांच्याजवळ थांब. त्यांना वळवायला जे उठतील, त्यांना थोडी झोप दे. आमच्या ताटात जे आहे त्याबद्दल, चव लागो न लागो, आम्ही तुझे उपकार मानतो. येशूच्या नावाने, आमेन.