खुडूक न बसणारं बदक

आमच्या भंडारा-गोंदियाच्या भागात पाण्याला तोटा नाही. मालगुजारी तलाव आहेत, शेताशेतात बोड्या आहेत, धानाच्या बांध्यांत पावसाळाभर पाणी उभं असतं. त्यामुळे बदकं पाळावी असं कोणाच्या ना कोणाच्या मनात येतंच. माझ्याकडे बरीच वर्षं बदकं आहेत, म्हणून लोक विचारायला येतात. "काकाजी, कोणती जात घेऊ? अंडी किती देते?" हा प्रश्न ठरलेला. वजन किती भरते, हेही विचारतात. ती अंड्यांवर बसते का, असं मात्र आजवर दोघा-तिघांनीच विचारलं असेल, आणि त्या बाया होत्या.

मला विचाराल तर आधी विचारायचा प्रश्न तोच. जात निवडणं हा पैशाचा हिशोब आहेच, पण त्यात नीतीचाही एक भाग आहे. कसा, ते सांगतो.

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेलला तोड नाही. इंग्लंडमधल्या अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी इंडियन रनर, रुआँ आणि रानटी मॅलार्ड यांच्या संकरातून 1898 च्या सुमारास ही जात पुढे आणली. नीट खायला घातलं तर वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. इंडियन रनरही अंड्यांचंच. नावात इंडियन असलं तरी मूळ जावा-बालीकडचं, आणि चालतं असं ताठ की बाटलीच चालली आहे असं वाटावं. मांसासाठी पांढरं पेकिन, मूळ चीनचं. सात आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं. चौथं मस्कोव्ही, दक्षिण अमेरिकेतलं, तोंडावर लाल गाठी असलेलं. ते अंडी बरीच कमी देतं, पण 35 दिवस स्वतः बसतं, पिलं काढतं आणि पोटाखाली घेऊन वाढवतं. बाकी तिघांची अंडी 28 दिवसांत फुटतात. पण त्यांच्यावर बसणार कोण? खाकी कॅम्पबेल घालते आणि निघून जाते. मागं वळूनही पाहत नाही.

यात तिचा दोष काय? खुडूक झालेली मादी अंडी घालणं थांबवते. मग जो माणूस पिढ्यानपिढ्या जास्त अंडी देणाऱ्या माद्याच राखत जातो, तो मनात नसतानाही न बसणाऱ्या माद्या राखत जातो. असं करता करता तिचं बसणं जवळजवळ पुसून गेलं. आपल्या टोपलीत जी जास्तीची अंडी येतात, ती तिच्या त्या बसण्याच्या दिवसांतून आलेली आहेत. ते काम मात्र संपलं नाही. ते आपल्या अंगणात येऊन पडलं.

आणि ते काम सोपं नाही. पहिल्या आठवड्यात पिलांना 30 ते 32 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत न्यायची. बल्ब लावला तर दिवसातून चार वेळा जाऊन पाहायचं. पिलं एकमेकांवर चढून गोळा झाली म्हणजे थंडी वाजते, कडेला पळून चोच वासून बसली म्हणजे गरम होतं. पाणी असं ठेवायचं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडावी, पण अंग भिजू नये. नुसती कणी खाऊ घातली तर पाय लुळे पडतात, कारण बदकाच्या पिलाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलापेक्षा जास्त लागतं. आणि बुरशीचा वास येणारी ढेप तर हातातही घेऊ नये. 1960 साली इंग्लंडात अशाच बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं लाखभर टर्की पक्षी मेले, बदकाची पिलंही मेली. त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाच्या पिलाला ते फार लवकर बाधतं.

शेजारच्या एका गावात बायांच्या गटाला कोणत्याशा योजनेतून पंचवीस पिलं मिळाली होती. पौषाचे दिवस. पुठ्ठ्याचं खोकं हातात देऊन, कागदावर सह्या घेऊन गाडी निघून गेली. बायांनी मायेनं घंगाळात पाणी भरून पिलं त्यात सोडली. बदक म्हणजे पाण्याचा पक्षी, यात चूक काय? पिलं पोहली, भिजली आणि रात्री गारठली. आईच्या पोटाखालचं पिलू ओलं झालं तरी ती त्याला पंखाखाली घेऊन कोरडं करते. खोक्यातल्या पिलाला पंख कुठून येणार? तिसऱ्या दिवशी नऊ उरली. बायांना कोणी बोल लावू नये. देणाऱ्यांनी पिलं दिली. त्यांच्या आईची जागा आता तुम्हाला घ्यायची आहे, एवढं वाक्य द्यायचं राहिलं.

कॉनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं दाखवलं की बदक-हंसांचं पिलू जन्मल्यावर जे पहिलं हलताना दिसतं त्यालाच आई मानतं आणि त्याच्या मागं चालतं. 1973 साली त्याला नोबेल मिळालं. यंत्रातून निघालेली पिलं माझ्या नातवाच्या चपलेमागं अंगणभर फिरतात. लोक पाहून हसतात, मीही हसतो. पण ते पिलू खेळ करत नाही. त्याचा जीव ज्याच्यावर टाकायचा तो त्यानं टाकून झालेला असतो.

दुसरा मार्ग म्हणजे खुडूक गावठी कोंबडी. आमची माय तोच वापरायची. कोंबडीखाली बदकाची आठ-दहा अंडी मावतात. कोंबडीची स्वतःची अंडी 21 दिवसांत फुटतात, इथं तिला आठवडाभर जास्त बसावं लागतं. ती बसते. पिलं निघाली की त्यांना उकिरड्यावर नेऊन उकरायला शिकवते. आणि एक दिवस पिलं बोडीत उतरतात. कोंबडी काठावरून इकडून तिकडं धावत ओरडते. ज्यानं हे पाहिलं त्याला विचारावंसं वाटेल, की या बाईला फसवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझी सून शिकलेली आहे. ती म्हणते, "बाबा, कोंबडीला आकडे मोजता येत नाहीत. आणि रानातल्या बदकाची किती पिलं जगतात? मुंगूस, घार, साप सगळे टपलेले. आपल्याकडे दार आहे, दाणा आहे. आईपण गेलं, पण जीव तर वाचला." तिचं म्हणणं मी टाकून देत नाही. हा व्यवहारच आहे. पण या व्यवहारात दुसऱ्या बाजूनं कोणी बोललेलं नाही. दोन्ही बाजूंच्या अटी आपणच लिहिल्या. अशा वेळी दुसऱ्याच्या वाट्याच्या अटी जरा जास्त कसोशीनं पाळाव्या लागतात. म्हणून कोंबडी बसलेली असताना दाणापाणी तिच्या पुढ्यात असावं, आणि एक घाण उठली की लगेच दुसरी तिच्याखाली सरकवू नये. तशी ती दोनदाही बसेल, कारण तिला नाही म्हणता येत नाही. तिथं आपण थांबावं.

कोणी म्हणतो, शेवटी जास्तीचे नर कापूनच खायचे, मग कशाला एवढं? खरं आहे. पाच-सहा माद्यांमागं एक नर पुरतो, आणि पिलांत निम्मे नर निघतात. शेपटीवर वळलेलं पीस आलं, आवाज घोगरा झाला की कळतं. ते आमच्याही ताटात येतात. पण कापणं एका क्षणाचं असतं. त्याच्या आधीचे दिवस त्या जिवाचे असतात, आणि पुढं त्याला खायचं आहे म्हणून त्याला तीन रात्री थंडीत कुडकुडायला लावायची मोकळीक मिळत नाही.

म्हणून आता कोणी जात विचारली की मी उलट विचारतो: घरी रात्री उठणारं कोण आहे? वीज किती वेळ जाते? खुडूक कोंबडी आहे का? रात्री उठणारं माणूस असेल, विजेचा भरवसा असेल, तर खाकी कॅम्पबेल खुशाल घ्या. अंड्यांनी घर चालेल. पेकिन घ्यायचं तर सात आठवडे निगुतीनं खाऊ घालायची तयारी हवी. आणि दोघंही दिवसभर रोवणीला जाणारे असाल, तर चार मस्कोव्ही घ्या. अंडी कमी मिळतील. पण पिलांचं काय करायचं ते तिला माहीत आहे, आणि तुमच्यावर तेवढं ओझं कमी येईल.