अमानत आणि बहुमत

हुबळी-धारवाड हा प्रदेश १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे १८७४ मध्ये मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामचा नमुना येथील मुसलमानांना परका नव्हता, आणि हुबळीत व धारवाडातही त्याच नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. अशा संस्थेत दोन परंपरा एकत्र येतात. पहिली वक्फची, म्हणजे ईश्वरप्रीत्यर्थ कायमची वाहिलेल्या मालमत्तेची. तिची व्यवस्था पाहणारा मुतवल्ली दात्याच्या हेतूला बांधलेला असतो. दुसरी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने रूढ केलेली. तीत सात किंवा अधिक व्यक्ती नियम ठरवून सभासद होतात, कार्यकारिणी निवडतात आणि बहुमताने निर्णय घेतात. ईश्वराची अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, माणसांच्या बहुमताने चालवावी काय, हा प्रश्न या मिलाफातूनच उभा राहतो.

याचे उत्तर शोधताना शूरा, म्हणजे परस्पर सल्लामसलत, ही कुरआनातील संकल्पना पुढे येते. कुरआनाच्या बेचाळिसाव्या अध्यायाचे नावच ते आहे. नेत्याने सल्ला घ्यावा, पण तो मानण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे मत अनेक जुन्या धर्मपंडितांनी मांडले. आधुनिक काळात मुहंमद असद यांच्यासारख्या विचारवंतांनी सल्लामसलतीतून झालेला निर्णय बंधनकारक मानला. या वादात उहुदच्या लढाईचे उदाहरण निर्णायक वाटते. इ. स. ६२५ मध्ये मदीनेतच राहून बचाव करावा असा प्रेषित मुहंमद यांचा कल असताना बहुसंख्यांच्या आग्रहावरून ते बाहेर पडले आणि लढाईत मुसलमानांची मोठी हानी झाली. तरीही त्यानंतर उतरलेल्या वचनाने अनुयायांचा सल्ला घेत राहण्याचीच आज्ञा केली. सल्लामसलतीचे मोल तिच्या अचूकपणावर अवलंबून नाही, हा याचा अर्थ आहे. जाणत्या चार माणसांनी निर्णय घेतला तर चुका कमी होतील, म्हणून निवडणूक नको, हा वस्त्यावस्त्यांत ऐकू येणारा युक्तिवाद या कसोटीवर टिकत नाही.

मात्र बहुमताला अमानत बदलण्याचा अधिकार नाही. जकात, म्हणजे सधन मुसलमानावर अनिवार्य असलेले दान, कोणाला द्यावे याचे आठ वर्ग कुरआनाने ठरवून दिले आहेत. सर्वसाधारण सभेने एकमुखाने ठराव केला तरी तो पैसा केवळ सभागृहाच्या शोभेसाठी वळवता येत नाही. उलट, अमानतीचे नाव घेऊन हिशेब लपवणे हा त्याहून मोठा दोष होय, कारण ज्याची ठेव आहे त्याला ती मोजून परत देता आली पाहिजे. १९२३ च्या मुसलमान वक्फ कायद्याने मुतवल्लींना जिल्हा न्यायालयात हिशेब सादर करण्यास भाग पाडले, ते अशा गैरव्यवस्थेमुळेच. कायद्याने लादलेले हे काम खरे तर श्रद्धेनेच आधी करायला हवे होते.

हुबळीच्या ईदगाह मैदानाचा वाद या मर्यादेची दुसरी बाजू दाखवतो. १९२१ मध्ये नगरपालिकेने हे मैदान अंजुमनला वार्षिक एक रुपया भाड्याने ९९९ वर्षांसाठी दिले. पुढे संस्थेने तेथे केलेल्या बांधकामावरून खटला झाला. हा परवाना आहे, मालकी नव्हे, वर्षातून दोन ईदच्या नमाजांचा हक्क मात्र अबाधित आहे, हा खालच्या न्यायालयांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम ठेवला. हा वाद दोन समाजांतील तेढीचे निमित्त झाला, हे दुःखद आहे. परंतु संस्थेपुरता त्यातला धडा सरळ आहे. जे सोपवले गेले, ते कोणत्या अटींवर, हे कार्यकारिणीने स्वतः वाचले पाहिजे आणि प्रत्येक नव्या सभासदाला वाचायला दिले पाहिजे.

सभासद कोण, हाच यातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. वर्गणी भरणाऱ्यालाच मत असेल, तर ज्या गरिबांसाठी जकात गोळा होते ते निर्णयाबाहेर राहतात. म्हणून वर्गणी नाममात्र ठेवणे हा केवळ हिशेबाचा विषय राहत नाही, तो न्यायाचा होतो. स्त्रियांबाबत तर धर्माचे नाव घेऊन सभासदत्व नाकारण्याला आधार सापडत नाही. इ. स. ६२८ च्या हुदैबियाच्या तहानंतर अनुयायी नाराज होऊन कुर्बानी देण्यास व केस उतरवण्यास पुढे होईनात, तेव्हा स्वतःच आधी हे विधी करावेत असा सल्ला प्रेषितांना त्यांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी दिला. प्रेषितांनी तो मानला, आणि सारे अनुयायी त्यांच्यामागून उठले.