नवसाहून नेम थोर

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांच्या मुखी दोन शब्द नेहमी असतात : नवस आणि नेम. नवस संकटकाळी बोलला जातो आणि एके दिवशी फेडला जातो. नेम फेडता येत नाही. तो पाळावा लागतो. नवस फेडताना आप्तेष्टांचा मेळा भोवती असतो, तर नेमाला बहुधा एकटा देवच साक्षी असतो. म्हणूनच भक्तिमार्गात नित्यनेमाला मोठे स्थान आहे. हाच न्याय देवाने दिलेल्या देहालाही लागू आहे, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच राहते.

महाकवी कालिदासांच्या ‘कुमारसंभव’ काव्यात पार्वतीमाता घोर तप करीत असता भगवान शंकर बटूच्या वेषात तिच्यापुढे येतात. तपाची विचारपूस करताना ते एक मार्मिक प्रश्न करतात : हे तप तू आपली शक्ती ओळखून करतेस ना? कारण धर्माचरणाचे पहिले साधन शरीरच होय. ज्याच्यासाठी तप चालले आहे, तोच देव देहाची चौकशी करतो, यातील भाव ध्यानी घेण्याजोगा आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंत सांगतात, की अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही ज्याची प्रमाणात आहेत, त्याचाच योग दुःखहारक ठरतो. सतराव्या अध्यायात तर दंभाने देहाला पीडा देणाऱ्या तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे.

असे असता पुष्कळ ठिकाणी काय दिसते? वर्षभर जिना न चढणारा गृहस्थ यात्रेच्या दिवशी उपाशीपोटी, भर उन्हात शेकडो पायऱ्या एका दमात चढू पाहतो. मधुमेहाचा रुग्ण उपवास म्हणून अन्न टाकतो, पण गोळी घेतो आणि रांगेत घेरी येऊन पडतो. दुसरा औषधही टाकतो. घरोघरी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याची खिचडी, तळलेला चिवडा व बटाट्याच्या पापडांनी खरी केली जाते. श्रद्धा खरी असते, पण वर्षाची उणीव एका दिवसात भरून काढण्याचा तो प्रयत्न असतो. देह असा व्यवहार मान्य करीत नाही.

वारीकडे पाहिले म्हणजे योग्य मार्ग उमगतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटर. पालखी ते एका झेपेत तोडीत नाही. रोजची मजल ठरलेली, विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले. दिवे घाटाची चढण चढून सासवडला पोचल्यावर पालखी तेथे अधिक विसावते. सत्तरी ओलांडलेला शेतकरी वारकरी ही वाट चालतो, ती केवळ त्या तीन आठवड्यांच्या बळावर नव्हे. शेताच्या बांधावरची त्याची बारमाही चाल आणि साधी भाजी-भाकरी यांची ती पुण्याई असते.

नेम जडवावा कसा, हेही आपल्या पूर्वाचार्यांनी सांगून ठेवले आहे. चरकसंहितेनुसार अहितकारक सवय एकदम न तोडता पावपावाने सोडावी आणि हितकारक सवय तशीच पावपावाने अंगी आणावी. चहात चार चमचे साखर घेणाऱ्याने प्रथम तीन घ्यावी, ती अंगवळणी पडल्यावर दोन. वाग्भटाचार्यांनी बलवानासही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, इतर ऋतूंत त्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे झाले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत रुजविले आणि स्वतःही उतारवयापर्यंत त्यांचा नेम राखला. राजवैभवातही त्यांना हा नेम जड झाला नाही.

एखादे दिवशी नेम चुकतो. आजारपण येते, प्रवास घडतो, घरात कार्य निघते. तेव्हा ‘आता मोडलाच’ म्हणून तो सोडून देणे हाच खरा नेमभंग होय. चुकल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट श्रम किंवा कडक लंघन करू नये. जेथे खंड पडला, तेथूनच शांतपणे पुढे चालावे.

गाभाऱ्यातील नंदादीप पाहावा. वर्षाचे तेल एकाच दिवशी ओतले तर वात बुडून विझेल. थोडे थोडे तेल रोज पडते, म्हणून तो अखंड तेवतो. देहाच्या दिव्याचेही तसेच आहे. यासाठी भाविकांनी पायऱ्या बसत-उठत, मुखी नाम घेत चढाव्या. औषध घेणाऱ्यांनी वैद्यांना विचारूनच उपवास धरावा. महाप्रसाद भुकेपुरता घ्यावा व पानात टाकू नये. दात्यांच्या अन्नदानाचा तोच मान होय. आणि घरी परतताना प्रसादाच्या पुडीबरोबर एक लहानसा, पेलवेल असा नेम सोबत न्यावा.

तो नेम अखंड चालो आणि पुढील वर्षी प्रत्येक भाविक आपल्या पायांनी चढून दर्शनास येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥